सिंथेसायझर, सीव्ही आणि मिडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीबोर्ड वाजवता येतो, पण यंत्राच्या मागच्या बाजूला असलेली भोकं कशासाठी आहेत हे कधी कोणी नीट सांगितलं नाही, अशा मंडळींसाठी हे पान आहे. ऑर्केस्ट्रात वाजवणारे, घरी लॅपटॉपवर ट्रॅक बनवणारे, सुटे भाग वायरींनी जोडून बनणाऱ्या मॉड्युलर सिंथचे व्हिडिओ बघून भारावलेले अशा सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच घोळ असतो. आवाज ही एक गोष्ट आणि त्या आवाजाला दिलेला हुकूम ही दुसरी. या दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या ठेवल्या की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

कीबोर्ड आणि सिंथेसायझर यांत फरक काय?

आपल्याकडे ज्याला सरसकट ‘कीबोर्ड’ म्हणतात त्यात तयार टोन आणि तयार ठेके भरलेले असतात. एक बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की व्हायोलिन. सिंथेसायझरमध्ये आवाज तुम्ही स्वतः घडवता, अगदी कच्च्या लहरीपासून. त्याला पट्ट्या असायलाच हव्यात असंही नाही. कित्येक सिंथना नुसतीच बटणं आणि भोकं असतात. १९७० साली आलेल्या मिनीमोगनं पट्ट्या, ऑसिलेटर, फिल्टर हे सगळं एका उचलून नेता येईल अशा पेटीत बसवलं आणि तेव्हापासून लोकांच्या मनात सिंथेसायझरचं चित्र तेच राहिलं. आजच्या महागड्या कीबोर्डांत दोन्ही प्रकार एकत्र असतात, त्यामुळे दुकानदाराला हा प्रश्न विचारून फारसं काही हाती लागणार नाही.

सिंथमध्ये आवाज तयार होतो तरी कसा?

जुन्या, सरळ पद्धतीत तीन टप्पे असतात. ऑसिलेटर लहर तयार करतो, फिल्टर तिच्यातला काही भाग कापतो आणि ॲम्प्लिफायर ती किती मोठी ऐकू यावी हे ठरवतो.

ऑसिलेटरच्या लहरीचा आकार बदलला की आवाजाची जात बदलते. साइन लहरीत फक्त मूळ स्वर असतो, वरचे स्वरांश अजिबात नाहीत. म्हणून ती गोल आणि काहीशी निर्जीव वाटते. करवतीच्या दातांसारख्या सॉटूथ लहरीत सगळे स्वरांश असतात: दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे, क्रमानं क्षीण होत जाणारे. स्क्वेअर लहरीत फक्त विषम स्वरांश, त्यामुळे ती पोकळ, क्लॅरिनेटच्या अंगानं जाणारी लागते.

कोणतंही फुकट मिळणारं सॉफ्टवेअर सिंथ उघडा. सॉटूथ निवडा, खालच्या सप्तकातला एखादा स्वर धरून ठेवा. लो-पास (वरचे स्वरांश कापणाऱ्या) फिल्टरचा कटऑफ, म्हणजे जिथून कापायला सुरुवात होते ती जागा, पूर्ण बंद करा, रेझोनन्स (कटऑफजवळचा भाग उठावदार करणारं बटण) निम्म्यावर आणा आणि कटऑफचं बटण अगदी सावकाश उघडत जा. आधी ‘ऊ’सारखं घुमेल, मग ‘ओ’, मग ‘आ’, आणि शेवटी ‘ई’कडे सरकत पातळ, धारदार होईल. स्वर जागचा हललेला नाही. त्याच लहरीतले वेगवेगळे स्वरांश फिल्टर एकामागून एक पुढे आणतोय. मिनीमोग बनवणाऱ्या रॉबर्ट मोग यांच्या सिंथचं नाव झालं ते मुख्यतः त्यांच्या फिल्टरमुळे. कटऑफच्या वर दर सप्तकाला २४ डेसिबलनं आवाज कापणारा तो फिल्टर आजही सॉफ्टवेअरमधून पुन्हा पुन्हा नकलला जातो.

एडीएसआर म्हणजे काय? चारही बटणं फिरवून पाहिली, काही कळत नाही.

अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. न कळण्याचं नेहमीचं कारण असं की चारही बटणं सारखी दिसतात, पण त्यातली तीन वेळ ठरवतात आणि एक पातळी. अटॅक म्हणजे पट्टी दाबल्यापासून आवाज टिपेला पोचायला लागणारा वेळ. डिके म्हणजे तिथून खाली उतरायला लागणारा वेळ. सस्टेन म्हणजे पट्टी दाबून धरलेली असताना आवाज ज्या पातळीवर स्थिरावतो ती पातळी. रिलीज म्हणजे बोट उचलल्यावर विरायला लागणारा वेळ.

सस्टेन शून्यावर आणि अटॅक शून्यावर ठेवा: संतूरसारखा ठोका मिळेल, पट्टी कितीही वेळ धरली तरी आवाज विरणारच. अटॅक थोडा वाढवा, सस्टेन पूर्ण ठेवा: गजानं वाजवल्यासारखा. हा चढउतार, ज्याला एन्व्हलप म्हणतात, नुसत्या आवाजालाच लावायचा असंही नाही. तो फिल्टरच्या कटऑफला लावा, म्हणजे मघाशी हातानं केलेला ‘ऊ-ओ-आ’ प्रत्येक स्वराला आपोआप होईल.

एलएफओ कशासाठी असतो?

एलएफओ, म्हणजे लो फ्रीक्वेन्सी ऑसिलेटर, हाही ऑसिलेटरच असतो, फक्त इतका मंद की तो स्वर म्हणून ऐकू येत नाही. साधारणपणे सेकंदाला २० पेक्षा कमी आवर्तनं. त्याला ऐकायचं नसतं. त्यानं दुसरं काहीतरी हलवायचं असतं. स्वराला लावला की व्हायब्रेटो, आवाजाच्या पातळीला लावला की ट्रेमोलो, फिल्टरला लावला की वाव-वाव.

इथे एक गंमत करून बघण्यासारखी आहे. व्हायब्रेटो लावा आणि एलएफओचा वेग वाढवत न्या. एका टप्प्यावर कंप ऐकू येणं थांबतं आणि आवाजाची जातच बदलते, घंटेसारखी किंवा पत्र्यासारखी होते. हुकूम देणारी लहर वेगात येता येता स्वतः आवाजाचा भाग झाली. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांना १९६७ साली हेच सापडलं आणि १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ मधला एफएम सिंथेसिस त्यातूनच आला.

एक इशारा: एलएफओनं आंदोलन वाजवायला जाऊ नका. दरबारीतला गांधार घड्याळाच्या काट्यासारखा हलत नाही. एलएफओ मात्र तसाच हलतो आणि मग राग न वाटता सायरन वाटतो.

कंट्रोल व्होल्टेज, म्हणजे सीव्ही, नेमकं काय असतं?

वर एन्व्हलप आणि एलएफओ दुसऱ्या भागांना हलवतात असं म्हटलं. कशानं हलवतात? विजेच्या दाबानं. ऑसिलेटरला जास्त व्होल्ट दिले की स्वर चढतो, कमी दिले की उतरतो. फिल्टरला दिले की कटऑफ सरकतो. हे हुकमी व्होल्टेज म्हणजे सीव्ही.

१९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग गावी रॉबर्ट मोग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सोबतीनं व्होल्टेजवर चालणारे भाग तयार केले. जवळजवळ त्याच काळात अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोत, डॉन बुकला हेच काम करत होते. दोघांची वृत्ती वेगळी. मोग यांच्या यंत्रात आवाज आणि हुकूम एकाच प्रकारच्या जॅकमधून जातात. कुठलीही वायर कुठेही लावा. बुकला यांनी दोन्हींचे जॅकच वेगळे ठेवले, हुकमाला बनाना प्लग आणि आवाजाला छोटा जॅक. शिवाय त्यांनी काळ्या-पांढऱ्या पट्ट्याही टाळल्या आणि स्पर्शाच्या पट्ट्या बसवल्या, कारण पियानोसारखा कीबोर्ड लावला की माणूस पियानोसारखंच वाजवणार.

माझं मत विचाराल तर शिकणाऱ्याला मोग पद्धत बरी. तिच्यात चुकीची वायर लावता येते आणि चुकीच्या वायरीतून बरंच शिकायला मिळतं.

‘एक व्होल्ट दर सप्तक’ म्हणजे काय?

हे मल्टिमीटरवर बघितलं की लगेच कळतं. सीव्ही आउट असलेल्या कीबोर्डला वायर लावा आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. समजा मंद्र सा दाबल्यावर मीटर १.००० दाखवतो. त्याच्या वरचा सा दाबला की २.०००. त्याच्याही वरचा, ३.०००. सप्तकात बारा स्वर, म्हणून प्रत्येक पट्टीला एक बारांश व्होल्ट, म्हणजे सुमारे ०.०८३. कोमल रे १.०८३, शुद्ध ग १.३३३, तीव्र मध्यम बरोबर मधोमध १.५००, पंचम १.५८३.

आता तानपुऱ्याच्या तारेत ऐकू येणारा गांधार घ्या. तो सा च्या सव्वापट, म्हणजे ५:४ या प्रमाणात असतो. तो वाजवायला १.३२२ व्होल्ट लागतील. पट्टीच्या गांधारापेक्षा हा जवळजवळ १४ सेंट (एका पट्टीचे शंभर सेंट) उतरलेला आहे. पेटीच्या गांधाराबद्दल जी तक्रार गेली शंभर वर्षं चालू आहे, ती इथे ११ मिलिव्होल्टच्या फरकात मोजून दाखवता येते. सीव्हीला मात्र मधला कुठलाही आकडा चालतो. ठरावीक पायऱ्या कीबोर्डनं घातलेल्या असतात, व्होल्टेजनं नाही.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे व्होल्टेजची बेरीज केली की ट्रान्सपोज होतो. गायिका म्हणाली काळी एक ऐवजी काळी दोन घ्या, तर सगळ्या स्वरांत ०.१६७ व्होल्ट मिळवायचे. संपलं.

गेट आणि ट्रिगर वेगळे असतात का?

हो. सीव्ही सांगतो कोणता स्वर. गेट सांगतो पट्टी दाबलेली आहे की नाही. पट्टी दाबली की गेट वर जातो, ५ किंवा १० व्होल्टवर, आणि बोट उचलेपर्यंत वरच राहतो. ट्रिगर म्हणजे काही मिलिसेकंदांचा नुसता ठोका. ड्रमच्या आवाजाला ट्रिगर पुरतो. ज्या आवाजाला सस्टेन हवा त्याला गेट लागतो.

कुठल्याही कंपनीचा सीव्ही कुठल्याही सिंथला चालतो का?

जुन्या यंत्रांत नाही. कॉर्गच्या १९७८ सालच्या एमएस-२० मध्ये आणि यामाहाच्या त्या काळच्या काही सिंथमध्ये हर्ट्झ-प्रति-व्होल्ट पद्धत आहे. तिथे दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट होतं: १, २, ४, ८. अशा सिंथला एक-व्होल्ट-दर-सप्तकवाला कीबोर्ड जोडून लागोपाठचे चार सा दाबले, तर पहिले दोन बरोबर लागतात. तिसऱ्या सा ला मात्र पंचम ऐकू येतो, कारण २ ते ३ हे प्रमाण दीडपट आहे. चौथ्याला परत सा, पण अपेक्षेपेक्षा एक सप्तक खाली. यंत्र बिघडलंय असं समजून लोक ते दुरुस्तीला नेतात.

गेटमध्येही फरक आहेत. मोगच्या जुन्या सिंथना गेटला व्होल्टेज नको असतं. वायर ग्राउंडला टेकली की स्वर सुरू होतो. बुकला यांचं माप १.२ व्होल्ट दर सप्तक.

सध्या मात्र सोय झाली आहे. जर्मनीच्या डीटर डोप्फर यांनी १९९६ च्या सुमाराला आणलेलं युरोरॅक हेच मॉड्युलरचं चलनी माप झालंय: ३.५ मिलिमीटरचे जॅक, १२ व्होल्टचा पुरवठा, स्वराला एक व्होल्ट दर सप्तक. एवढं लक्षात ठेवा की युरोरॅकमधला आवाजही १० व्होल्टच्या घरात हेलकावे घेतो. तो थेट मिक्सरला किंवा मोबाइलला जोडण्याआधी पातळी खाली आणा.

जुना ॲनालॉग सिंथ वाजवता वाजवता बेसूर का होतो?

उष्णतेमुळे. व्होल्टेजचं सप्तकात रूपांतर करणारे ट्रान्झिस्टर तापमानाला फार संवेदनशील असतात. ते सावरून घ्यायला खास रेझिस्टर बसवलेले असतात, तरी थोडा फरक राहतोच. मेमधल्या मांडवात लावलेला सूर एसी हॉलमध्ये टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी यंत्र चालू करून ठेवा आणि मग सूर लावा.

मिडीच्या केबलमधून आवाज जातो का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर ऐकूनही लोक मिडी केबल मिक्सरला लावायला बघतात.

मिडी ही यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची समाईक पद्धत. तिच्यातून जातात फक्त आकडे. भातखंडे पद्धतीनं लिहिलेली बंदिश वहीत असते. वही कानाला लावली म्हणून ऐकू येत नाही, कोणीतरी ती गावी लागते. मिडीचं तेच. सीव्हीत निदान हुकूम आणि आवाज दोन्ही व्होल्टेजच होते, वेगाचाच काय तो फरक. मिडीत ते नातं तुटलं. हुकूम आकड्यांत गेला आणि आवाज पलीकडच्या यंत्रात राहिला.

याचं आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण ऑक्टापॅड. रोलंडचं १९८५ सालचं पहिलं ऑक्टापॅड स्वतःचा कुठलाच आवाज नसलेलं होतं. आठ रबरी पॅड, मागे मिडी आउट. आवाज यायचा तो केबलच्या पलीकडे ठेवलेल्या ड्रम मशीनमधून किंवा साउंड मॉड्युलमधून. पुढे पॅडमध्येच आवाज भरून आले, ऑर्केस्ट्रात आणि बेंजो पार्टीत तेच रुळले, आणि पॅड म्हणजेच आवाज अशी समजूत झाली.

मिडी आलं कुठून?

प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी, त्यामुळे एकाचं यंत्र दुसऱ्याला जोडता येईना. सीक्वेन्शियल सर्किट्स या सिंथ कंपनीचे डेव्ह स्मिथ आणि चेट वुड यांनी १९८१ मध्ये समाईक पद्धतीचा प्रस्ताव मांडला. रोलंडचे इकुतारो काकेहाशी याच विचाराचे होते. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यव्यापाराच्या प्रदर्शनात सीक्वेन्शियलचा प्रोफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एकमेकांना जोडून दाखवले आणि ते चाललं. कोणीही पेटंटचे पैसे मागितले नाहीत म्हणून ते पसरलं. त्या काळची केबल आजच्या यंत्रालाही चालते. संगणकाच्या जगात असं दुसरं उदाहरण शोधून दाखवा.

एक स्वर वाजवला की केबलमधून नेमकं काय जातं?

तीन आकडे. समजा पहिल्या चॅनलवर पियानोच्या मधली पांढरी एक बऱ्यापैकी जोरात दाबली:

१४४, ६०, १००

१४४ म्हणजे ‘पहिल्या चॅनलवर स्वर सुरू’. ६० म्हणजे कोणती पट्टी. काळी एक असती तर ६१. १०० म्हणजे किती वेगानं दाबली, याला व्हेलॉसिटी म्हणतात. बोट उचललं की १२८, ६०, ० जातं. काही कीबोर्ड त्याऐवजी १४४, ६०, ० पाठवतात. शून्य व्हेलॉसिटीचा स्वर म्हणजे स्वर बंद, असाच नियम आहे.

हे तीन आकडे जायला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो, कारण वेग सेकंदाला ३१,२५० बिट इतकाच आहे. आकडे ० ते १२७ असतात, कारण बाइटच्या आठ बिटांतला एक बिट ‘हा हुकूम आहे की त्याची किंमत’ हे सांगण्यात खर्च होतो, उरले सात.

सोबत एक सावधगिरी. ६० क्रमांकाच्या याच पट्टीला काही कंपन्या सी-३ म्हणतात, काही सी-४. दोन यंत्रांत एक सप्तकाचा फरक येत असेल तर नावं विसरा आणि आकडा बघा.

पेटीवाल्यांना व्हेलॉसिटीचा त्रास का होतो?

कारण पेटीवर बोट कितीही जोरात मारलं तरी सूर मोठा होत नाही. ते काम भात्याचं. व्हेलॉसिटी चालू असलेल्या कीबोर्डवर पेटीच्या सवयीचा हात पडला की काही स्वर दबतात, काही अंगावर येतात. हार्मोनियमचा टोन वाजवताना व्हेलॉसिटी बंद करा किंवा ठरावीक ठेवा, आणि भात्याच्या जागी पायाखाली एक्स्प्रेशन पेडल घ्या. मिडीत तो कंट्रोलर क्रमांक ११. त्याच यादीत १ म्हणजे मॉड्युलेशन व्हील, ७ म्हणजे चॅनलचा एकूण आवाज, ६४ म्हणजे सस्टेन पेडल. एवढे चार पाठ असले तरी पुष्कळ.

चॅनल कशासाठी?

एका केबलमधून १६ वादकांचे हुकूम जातात. प्रत्येक यंत्र आपल्या क्रमांकाचे तेवढेच ऐकतं. कीबोर्ड दिवे दाखवतोय पण आवाज नाही, अशा वेळी आधी दोन्हीकडचा चॅनल जुळतोय का बघा. कोणत्या क्रमांकाला कोणता टोन वगैरे गोष्टी सगळ्या यंत्रांत सारख्या ठेवणाऱ्या १९९१ च्या जनरल मिडी ठरावानुसार दहावा चॅनल तालवाद्यांचा.

मिडी फाइल एका यंत्रावर छान वाजते आणि दुसऱ्यावर भिकार. का?

फाइलमध्ये आवाज नाहीच, वर सांगितलं तसं. ती म्हणते ‘टोन क्रमांक १०५ घ्या’. जनरल मिडीच्या यादीत १०५ म्हणजे सतार आणि ११२ म्हणजे शहनाई. ती सतार कशी लागेल हे समोरच्या यंत्राच्या कुवतीवर. बऱ्याच यंत्रांतली ती शहनाई ऐकून मंगलकार्याला बोलावलेले पाहुणे परत जातील.

बोट उचललं तरी स्वर वाजतच राहतो. यंत्र बिघडलं का?

बहुधा नाही. ‘स्वर सुरू’ पोचलं, ‘स्वर बंद’ पोचलं नाही. मधेच केबल निघाली, वाजवता वाजवता चॅनल बदलला किंवा पट्टी दाबलेली असतानाच ट्रान्सपोज बदलला, तर असं होतं. सिंथ बिचारा आज्ञाधारक असतो, बंद सांगेपर्यंत वाजवत राहतो. ‘पॅनिक’ बटण असेल तर ते दाबा. ते कंट्रोलर १२० किंवा १२३ पाठवतं, म्हणजे सगळं गप्प. काही यंत्रं म्हणून सतत एक ‘मी आहे’ असा संदेश पाठवत असतात. तो ३०० मिलिसेकंद आला नाही तर समोरचं यंत्र स्वतःच स्वर बंद करतं.

मिडीवर मींड आणि श्रुती वाजवता येतात का?

येतात, पण थोडी खटपट आहे, आणि ‘मिडीत फक्त १२८ पायऱ्या, त्यात श्रुती कुठून येणार’ हा आक्षेप चुकीचा आहे. १२८ आहेत त्या पट्ट्या. पिच बेंडला, म्हणजे स्वर वरखाली ओढणाऱ्या व्हीलला, दोन आकडे एकत्र वापरतात, त्यामुळे १६,३८४ पायऱ्या मिळतात. मधोमध ८,१९२, तिथे स्वर जागेवर. बेंडची मर्यादा दोन पट्ट्या वर, दोन खाली अशी नेहमीची असेल तर एक पायरी सेंटच्या चाळिसाव्या भागाइतकी पडते. कानाला तेवढं कळत नाही.

अडचण असते ती दुसरीच. बारा पट्ट्यांच्या हिशोबानं दोनच पट्ट्यांची मर्यादा म्हणजे सा वरून फार तर शुद्ध रे पर्यंत मींड. सा ते प ही सात पट्ट्यांची मींड हवी तर मर्यादा १२ करा, आणि ती पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या दोन्हीकडे सारखी करा. एकीकडे १२ आणि दुसरीकडे २ राहिली की मींड जिथे पोचायला हवी तिथे पोचतच नाही. मग वादक व्हीलला दोष देत बसतो.

दुसरी अडचण: पिच बेंड पूर्ण चॅनलला लागतो. खाली सा-प धरून वर गांधार ओढला तर सा-पही ओढले जातात. उपाय सोपा, तानपुरा वेगळ्या चॅनलवर ठेवा. हीच युक्ती पद्धतशीर करून २०१८ मध्ये एमपीई नावाचा ठराव झाला: प्रत्येक स्वराला स्वतःचा चॅनल, म्हणजे प्रत्येक बोटाची स्वतंत्र मींड. गायकी अंगानं वाजवणाऱ्यांनी पैसे कुठे घालायचेच असतील तर एमपीई चालणाऱ्या कंट्रोलरमध्ये घालावेत, जास्त टोन असलेल्या कीबोर्डमध्ये नाही.

पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो. मिडीचा दोष का?

मिडीचा वाटा एखाद्या मिलिसेकंदाचा. उशीर होतो तो संगणकाच्या ऑडिओ बफरमध्ये, म्हणजे आवाजाचे आकडे (सॅम्पल) बाहेर पाठवण्याआधी साठवले जातात तिथे. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल या रेटला १,०२४ चा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद. २५६ केला की ६ च्या आत. आणि ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवत असाल तर पुढचं काही तपासूच नका, आधी ते काढा.

दोन यंत्रं एका लयीत कशी चालवायची?

मिडी क्लॉकनं. एक यंत्र मुख्य, बाकीची त्याच्या मागे. मुख्य यंत्र एका मात्रेला २४ ठोके पाठवतं. १२० च्या लयीत सेकंदाला ४८. क्लॉकमध्ये सम कुठे हे सांगितलेलं नसतं, म्हणून यंत्र मधूनच चालू केलं तर लय जुळेल पण सम चुकेल. ‘स्टार्ट’चा संदेश मुख्य यंत्राकडूनच जाऊ द्या.

जुनी रोलंड यंत्रं घेणाऱ्यांसाठी: टीआर-८०८ या ड्रम मशीनवर आणि टीबी-३०३ या बेस सिंथवर मिडीसारखंच दिसणारं पाच पिनांचं भोक आहे, पण ते मिडी नाही. तो डीआयएन सिंक, लय जुळवण्याची मिडीच्या आधीची पद्धत. मधे कन्व्हर्टर लागतो.

भारतात हे कोणी आधी केलंय का?

बरंच आधी. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मोग सिंथेसायझर उभा करून दिला आणि तिथे काही भारतीय संगीतकारांनी टेपवर काम केलं. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग या फिल्मी दुनियेतल्या स्टुडिओ-वादकानं ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले, म्हणजे मिडी यायच्या आधी. तेव्हा ती तबकडी कोणी फारशी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि शिकागोच्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीताच्या आधीच हा आवाज मुंबईत कसा, म्हणून परदेशात चर्चा झाली. ३०३ चा घसरत जाणारा स्वर ऐका. रागाला तो का चालला असेल हे लगेच कळतं.

जाडी मिडी केबल घ्यावी की यूएसबीवर भागेल?

लॅपटॉपशी जोडायला यूएसबी पुरेसा. स्टेजवर दोन यंत्रं एकमेकांना जोडायची तर पाच पिनांची केबल बरी; ती १५ मीटरपर्यंत चालते. तिच्या ऐकणाऱ्या टोकाला संदेश प्रकाशावरून पलीकडे जातो, विजेचा थेट संबंध राहत नाही, त्यामुळे तिच्यातून गुणगुण येत नाही. यूएसबीत हे नसतं, म्हणून चार्जर लावला की स्पीकर घूं करतो. त्यावर तीन पिनांतली अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा आपल्याकडचा उपाय कृपया करू नका; यूएसबी आयसोलेटर किंवा डीआय बॉक्स घ्या. छोट्या जॅकवरचं मिडी असेल तर ए आणि बी असे दोन प्रकार आहेत, आतल्या दोन तारांची अदलाबदल. प्रमाण ए आहे.

लॅपटॉपमधून सीव्ही काढता येतो का?

ऑडिओ इंटरफेस ‘डीसी कपल्ड’ असेल तर येतो. नाहीतर आउटपुटवरचा कपॅसिटर स्थिर व्होल्टेज अडवतो आणि स्वर लागल्या लागल्या घसरतो. साधा उपाय म्हणजे मिडी-टू-सीव्ही कन्व्हर्टर.

मिडी २.० साठी थांबावं का?

नको. जानेवारी २०२० मध्ये ते मंजूर झालं, व्हेलॉसिटीला १६ बिट आणि कंट्रोलरला ३२ बिट मिळाले, जुन्या यंत्रांशी जुळवून घेण्याची सोय आहे. ते येईल तेव्हा येईल. तुमची आजची यंत्रं बाद होणार नाहीत.

सुरुवातीला काय घ्यावं?

लॅपटॉप असेल तर २५ किंवा ४९ पट्ट्यांचा साधा यूएसबी कंट्रोलर आणि एखादं फुकट सॉफ्टवेअर सिंथ. फिल्टर आणि एन्व्हलप कानाला नीट ओळखू येईपर्यंत मॉड्युलरच्या वाटेला जाऊ नका. तिथे खर्चाला तळ नाही. जुनं यंत्र घेणार असाल तर सगळ्या पट्ट्या, सगळी बटणं आणि मागचा प्रत्येक जॅक दुकानातच तपासा. अडॅप्टर मूळचा नसेल तर व्होल्टेजबरोबर मधल्या पिनेची खूणही बघून घ्या: काही कंपन्यांत मधे अधिक असतं, काहींत उणे, आणि उलटा लागला तर यंत्र एकदाच, शेवटचं, टक् असा आवाज करतं.